हॉस्टेलमध्ये काम करत अल्बेनियाचा आयोनियन किनारा पाहायचा असेल तर

परदेशातल्या हॉस्टेलमध्ये रोज चार-पाच तास काम करायचं, त्याबदल्यात डॉर्ममध्ये (अनेकांच्या सामाईक खोलीत) बेड आणि बहुतेक वेळा नाश्ता मिळवायचा आणि उरलेल्या वेळात आजूबाजूचा प्रदेश हिंडायचा, हा व्यवहार आता बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याबद्दल बोलणारे बहुतेक जण पैसे किती वाचतात तेवढंच सांगतात. माझ्या मते तो हिशेब दुय्यम आहे. तुमची शिफ्ट कधी लागते आणि गावातून बस कधी सुटते, हे दोन्ही जुळलं तर किनारा बघून होतो. नाही जुळलं तर महिनाभर समुद्र रिसेप्शनच्या खिडकीतूनच पाहावा लागतो. खाली जे काही सांगितलं आहे ते मुख्यतः ही जुळणी कशी करायची याबद्दल आहे.

प्रदेश निवडलाय अल्बेनियाचा दक्षिण किनारा. व्लोरा शहराच्या खाली एड्रियाटिक समुद्र संपतो आणि आयोनियन सुरू होतो. तिथून ग्रीसच्या सीमेपर्यंत डोंगर जवळजवळ थेट पाण्यात उतरतात आणि मधल्या खाचांमध्ये गावं बसलेली आहेत. कम्युनिस्ट हुकूमशहा एनवर होजाच्या राजवटीत देशाच्या सीमा बंद होत्या. समोरचं ग्रीक बेट कॉर्फू काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर, त्यामुळे या किनाऱ्यावर पहारा कडक असायचा आणि पर्यटन असं काही वाढलंच नाही. डोंगरउतारांवर अजून दिसणारे काँक्रीटचे बंकर त्याच काळातले. आज इथली बरीच हॉस्टेलं छोटी आणि कुटुंबानं चालवलेली असतात. हंगाम काही महिन्यांचा, गावातली तरुण मंडळी कामासाठी इटली, ग्रीस, जर्मनीला गेलेली. म्हणून बाहेरून आलेल्या हातांची इथे खरोखर गरज असते. अशा मालकाशी शिफ्टबद्दल थेट बोलता येतं. मोठ्या साखळी हॉस्टेलात वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं आणि तुम्ही त्यात बसायचं असतं.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये हॉस्टेलं भरलेली असतात, इटली आणि कोसोवोहून येणाऱ्या गाड्यांनी किनाऱ्याचा रस्ता तुंबतो आणि सुट्टीच्या दिवशीही ‘आज जरा दोन तास येशील का’ असं विचारलं जातं. ऑगस्टमध्ये मालकाला तुमची सर्वांत जास्त गरज असते आणि तुम्हाला त्या कामातून सर्वांत कमी मिळतं. मेमध्ये पाणी अजून गार असतं, पण डोंगर हिरवे असतात आणि चालायला हवा उत्तम. सप्टेंबरमध्ये समुद्र उन्हाळाभर तापून छान उबदार झालेला असतो आणि गर्दी ओसरायला लागते. ऑक्टोबरच्या पुढे छोट्या गावांतली बहुतेक हॉस्टेलं बंद होतात, बसफेऱ्याही कमी होतात.

मेमध्ये जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारणा सुरू करा. मालक तेव्हा हंगामाची माणसं ठरवत असतात. सप्टेंबरसाठी जुलैअखेर चांगली: उन्हाळ्यात असं काम करायला आलेले व्हॉलंटियर परतायला लागतात आणि मालकाच्या डोळ्यांसमोर रिकाम्या जागा दिसू लागतात.

कोणत्या गावात राहायचं

हा प्रश्न हॉस्टेल निवडण्याच्या आधीचा आहे. अनेक जण फोटोतला समुद्र पाहून हॉस्टेल निवडतात. त्याऐवजी नकाशावर बसचे रस्ते बघा.

सरांदा हे या पट्ट्यातलं सर्वांत मोठं ठाणं. इथून तिराना, जिरोकास्तर, क्सामिल, बुत्रिंत आणि हिमारा या सगळीकडे बस जाते. कॉर्फूची बोटही इथूनच. गाव दिसायला फार देखणं नाही. इमारती दाटीवाटीनं उभ्या राहिल्या आहेत आणि काही अर्धवट बांधकामं वर्षानुवर्षं तशीच पडून आहेत. पण तुम्हाला सुट्टीत सगळीकडे जायचं असेल तर सरांदाच सोयीचं.

हिमारा किनाऱ्याच्या साधारण मध्यावर. ग्रीक बोलणारा मोठा समाज इथे आहे, वर टेकडीवर जुनं गाव, खाली पाण्यालगत फिरायचा रस्ता. लिवाधी, याले, जिपे ही समुद्रकाठची ठिकाणं इथून चालत किंवा थोड्या वाहनप्रवासात येतात. ज्याला एका जागी टिकून पोहायचं, चालायचं आहे त्यानं हिमारा घ्यावं. बसफेऱ्या मात्र मोजक्या, आणि सकाळची चुकली की दिवस गेला.

धेर्मी लोगारा घाटाच्या पायथ्याशी. समुद्र अप्रतिम, पण उन्हाळ्यात तिथे संगीत महोत्सव आणि बीच-बारचं वातावरण असतं. तुम्हाला रात्रीचं जागरण मानवत असेल तरच तिथल्या हॉस्टेलात काम करा, कारण बारची शिफ्ट तुमच्याच वाट्याला येणार. क्सामिल छोटंसं, बेटांसमोरचं आणि उन्हाळ्यात अतिशय गजबजलेलं. तिथे राहण्यापेक्षा सरांदाहून एका दिवसात जाऊन येणं बरं. व्लोरा किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, खऱ्या अर्थानं शहर. ते सुरुवातीच्या मुक्कामाला ठीक, तळ म्हणून नाही.

महिना हातात असेल तर दोन गावांत दोन-दोन आठवडे करा. बहुतेक हॉस्टेलवाले किमान दोन आठवडे मागतात, कारण काम शिकवण्यातच पहिले काही दिवस जातात.

व्हिसा आणि कामाची परवानगी

इथे घाई करू नका, हा भाग सावकाश वाचा.

अल्बेनिया शेंगेन क्षेत्रात (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. तिथे घालवलेले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत धरले जात नाहीत. भारतीय पासपोर्टवर जायचं तर अल्बेनियाचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी अर्ज त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-व्हिसा पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध मल्टिपल-एंट्री व्हिसा तुमच्याकडे असेल आणि तो तुम्ही त्या-त्या देशात प्रवेश करून एकदा तरी वापरलेला असेल, तर वेगळ्या व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत अल्बेनियात राहता येतं. ‘मल्टिपल-एंट्री’ आणि ‘वापरलेला’ या दोन्ही अटी नीट लक्षात ठेवा. पासपोर्टवर कोरा शेंगेन व्हिसा घेऊन थेट तिरानाला उतरू नका. असे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात पोर्टलवर पुन्हा एकदा तपासून घ्या.

आता कामाबद्दल. पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश म्हणजे कामाचा परवाना नव्हे. पगार नाही, फक्त बेड आहे, म्हणून ते काम धरलं जात नाही, ही समजूत अनेक देशांत चुकीची ठरते. न्यूझीलंडमध्ये तर राहण्याची सोय हाही मोबदला मानतात आणि त्यासाठी कामाची मुभा देणारा व्हिसा लागतो. अमेरिका आणि ब्रिटनच्या विमानतळांवर ‘पगार नाही, फक्त बेड’ अशा उत्तरावरून लोकांना परत पाठवलं गेलेलं आहे. अल्बेनियात परदेशी माणसासाठी राहण्याचा आणि कामाचा एकत्रित परवाना असतो, त्याला तिथे ‘लेये उनिके’ म्हणतात. हॉस्टेलवाल्याला सुरुवातीलाच लेखी विचारा: व्हॉलंटियरसाठी तुम्ही कोणती कागदपत्रं करता, तपासणी आली तर माझी स्थिती काय? ‘सगळे असेच येतात’ हे उत्तर नव्हे. नीट सांगणारा मालक भेटेपर्यंत शोधत राहा आणि दूतावासाकडूनही खात्री करून घ्या. सीमेवर विचारलं तर खोटं सांगू नका.

कागद जमतच नसतील तर सरळ पाहुणे म्हणून राहा. हंगामाच्या कडेला डॉर्मचे दर बरेच खाली येतात आणि आठवडा-दोन आठवडे राहणाऱ्याला छोटे मालक सूट देतात. खाली दिलेल्या सहली तुम्हाला तशाही करता येतात, उलट शिफ्टचं बंधन राहत नाही.

परतीचं किंवा पुढचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचा पत्ता, प्रवास विमा आणि स्वतःच्या खर्चानं राहता येईल इतके पैसे हे चारही जवळ ठेवा. पैशांचा मुद्दा फक्त सीमेसाठी नाही. जागा वाईट निघाली तर दुसऱ्या दिवशी बॅग उचलून निघता आलं पाहिजे. किमान दहा दिवसांच्या स्वतंत्र राहण्या-खाण्याचे पैसे बाजूला नसतील तर हा प्रकार करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. निघून जाण्याची सोय नसलेल्या माणसाकडून जास्त तास काम करून घेतलं जातं.

हॉस्टेल शोधणं आणि बोलणं

वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स आणि हेल्पएक्स या तीन संकेतस्थळांवर अशा जागा मिळतात. सदस्यत्वाला पैसे पडतात. एकाच ठिकाणचं घ्या, आधी फुकट पाहून तुमच्या पट्ट्यातल्या जागा कुठे जास्त आहेत ते बघा. चौथा मार्ग म्हणजे हॉस्टेल बुकिंगच्या हॉस्टेलवर्ल्ड या संकेतस्थळावर गावातली हॉस्टेलं काढायची आणि त्यांना थेट लिहायचं. छोट्या गावांत हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. फक्त यात मागच्या व्हॉलंटियरांचे अभिप्राय वाचायला मिळत नाहीत, म्हणून मालकाकडे आधी काम करून गेलेल्या एखाद्याचा संपर्क मागा.

अभिप्राय वाचताना गुण बघू नका, मजकूर बघा. ‘घरासारखं वाटलं’ याचा उपयोग शून्य. ‘मला सलग दोन दिवस सुट्टी मिळायची’, ‘ऑगस्टमध्ये तास वाढले’, ‘व्हॉलंटियरची खोली बारच्या वर आहे’ ही वाक्यं शोधा. पाहुण्यांचे अभिप्रायही वाचा. ‘रिसेप्शनवर कुणीच नव्हतं’ असं वारंवार लिहिलेलं दिसलं, तर तिथे माणसं कमी आहेत आणि तो खड्डा तुमच्याकडून भरून घेतला जाईल.

पहिला संदेश छोटा ठेवा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणती कामं येतात, कोणत्या भाषा बोलता, आणि त्या हॉस्टेलबद्दलची एखादी गोष्ट जी त्यांचं पान वाचल्याशिवाय कळली नसती. ‘मला प्रवासाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक संदेशात असतं, ते गाळा. स्वयंपाक येत असेल, कॅमेरा हाताळता येत असेल, बुकिंगचं सॉफ्टवेअर कधी वापरलं असेल तर ते आधी सांगा.

होकार आला की लगेच हो म्हणू नका. पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

- आठवड्याला किती तास, किती दिवस? साधारण २० ते २५ तास रास्त. त्याच्या वर गेलं तर पगाराची गोष्ट निघायला हवी.
- शिफ्टच्या वेळा कोणत्या आणि त्या फिरत्या आहेत की ठरलेल्या?
- सुट्टीचे दोन दिवस सलग मिळतील का?
- झोपायची जागा कुठे: पाहुण्यांच्या डॉर्ममध्ये की वेगळ्या खोलीत? खोलीत किती जण, स्त्रिया-पुरुष एकत्र का, लॉकर आहे का?
- जेवणात नेमकं काय? नाश्ताच की स्वयंपाकघर आणि किराणाही?
- रात्रपाळी असेल तर हॉस्टेलात दुसरं कोण असतं?
- मला लवकर निघायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं?

यातला सलग सुट्टीचा प्रश्न सर्वांत मोलाचा. आठवड्यातून दोन सुटे दिवस मिळाले तर तुम्ही फक्त जवळची ठिकाणं बघाल. सलग दोन मिळाले तर जिरोकास्तरला मुक्काम होतो, घाट ओलांडून व्लोराला जाता येतं. नाश्त्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा या एका गोष्टीसाठी करा. मी तर म्हणेन, सलग सुट्टीच्या बदल्यात रोज अर्धा तास जास्त काम द्या, तरी सौदा फायद्याचा.

दोन गोष्टी दिसल्या की बोलणं तिथेच थांबवा: पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवायला’ मागणं आणि तुमच्याकडून अनामत मागणं. नोंदणीपुरता पासपोर्ट पाहणं, त्याचा तपशील घेणं ठीक आहे. तो परत तुमच्या हातात आला पाहिजे.

पोहोचायचं कसं

तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्या अल्बेनियन वंशाच्या, जन्म १९१० साली स्कोपियेचा. तिथून शहरात, आणि शहरातल्या बसस्थानकावरून दक्षिणेची बस. सरांदाला पोहोचायला सुमारे पाच तास धरा, जिरोकास्तरमार्गे. हिमाराची बस व्लोरामार्गे किनाऱ्याच्या रस्त्यानं जाते. या रस्त्यावरचा लोगारा घाट हजार मीटरहून थोडा उंच आहे. २०२४ मध्ये त्याच्या पोटातून सुमारे सहा किलोमीटरचा बोगदा खुला झाला, त्यामुळे वेळ बराच वाचतो. पण एकदा तरी जुन्या घाटरस्त्यानं जा. वर पाइनची गर्द झाडं आणि वळण संपताच खाली अख्खा किनारा उलगडतो. इसवी सनपूर्व ४८ मध्ये आपला रोमन प्रतिस्पर्धी पॉम्पी याचा पाठलाग करत ज्युलियस सीझर आपलं सैन्य घेऊन याच घाटाखाली पालासेच्या किनाऱ्यावर उतरला होता.

दुसरी वाट कॉर्फूहून. वेगवान बोट अर्ध्या-पाऊण तासात सरांदाला आणते, मोठी फेरी सव्वा तासाच्या आसपास घेते. इथे दोन गोष्टी सांभाळा. ग्रीस अल्बेनियाच्या एक तास पुढे असतो, त्यामुळे तिकिटावरची सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ वाचताना गोंधळ होतो. आणि शेंगेनचा सिंगल-एंट्री व्हिसा असेल तर एकदा कॉर्फू सोडून सरांदाला आलात की त्याच व्हिसावर परत कॉर्फूला जाता येत नाही.

गावागावांत फिरायला बस आणि फुरगोन. फुरगोन म्हणजे खासगी मिनीबस. भरली की निघते, समोर काचेवर गावाचं नाव लावलेलं असतं, हात केला की थांबते. नकाशाच्या ॲपमध्ये यांचं वेळापत्रक सापडेलच असं नाही. खरं वेळापत्रक तुमच्या हॉस्टेलच्या रिसेप्शनवर असतं, आणि तिथे बसल्यावर पाहुणे तुम्हाला हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारणार आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी थांब्यावर जाऊन शेजारच्या दुकानदाराला विचारा आणि वेळा कागदावर लिहून काउंटरवर चिकटवा. मालक खूश, पाहुणे खूश आणि तुमच्या सुट्टीचं नियोजनही आपोआप झालं.

प्रत्यक्ष काम

सकाळची शिफ्ट म्हणजे नाश्ता, चेक-आउट, बेड बदलणं. दुपार-संध्याकाळची म्हणजे चेक-इन, प्रश्नांची उत्तरं, थोडा बार. रात्रीची म्हणजे उशिरा येणारे पाहुणे आणि गोंगाट करणाऱ्यांना गप्प बसवणं. किनारा पाहायचा असेल तर कोणती घ्यावी? बहुतेकांना वाटतं संध्याकाळची, कारण दिवस मोकळा मिळतो. पण दुपारी तीनला परत पोहोचायचं असेल तर बसच्या वेळा तुमच्या विरुद्ध जातात, शिवाय भर उन्हातच फिरणं होतं. सकाळी सात-आठला सुरू होऊन दुपारी बाराला सुटणारी शिफ्ट मला सर्वांत बरी वाटते. जूनमध्ये सूर्य रात्री आठनंतर मावळतो, म्हणजे हातात आठ तास उजेड. दूरच्या ठिकाणांसाठी सलग सुट्ट्या आहेतच.

बेड बदलणं हेच खरं काम, आणि त्याची एक पद्धत असते. आधी सगळ्या चादरी काढून जमिनीवर न टाकता थेट पिशवीत भरा. गादीच्या शिवणी आणि बंकच्या लाकडी सांध्यांत काळे ठिपके दिसतात का बघा, ती ढेकणांची खूण. दिसले तर बेड बंद करा, मालकाला लगेच सांगा, चादरी ६० अंश सेल्सिअसला धुवा आणि ती पिशवी दुसऱ्या खोलीतून फिरवू नका. पाहुण्याला चारचौघांत विचारू नका, बाजूला घेऊन सांगा. तुमच्या स्वतःच्या बेडवर पहिल्या रात्री सामान ठेवण्याआधी हेच तपासा. वरच्या बंकवर गादी चढवताना पाठीला त्रास होतो. शिडीवर उभं राहून एक कोपरा आधी बसवा आणि मग तिरक्या समोरचा.

चेक-इनला नाव, पासपोर्टचा तपशील, पैसे, बेड क्रमांक, वायफाय, लॉकर आणि चावी हा क्रम कधीच मोडू नका. पैसे आधी, चावी नंतर. रोख रक्कम शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी दुसऱ्या माणसासमोर मोजा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्या. हिशेबात तूट आली तर सर्वांत नव्या माणसाकडेच पाहिलं जातं. ऑगस्टमध्ये एकाच बेडवर दोन बुकिंग येण्याचा प्रसंग ठरलेला. शेजारच्या दोन हॉस्टेलांचे नंबर आधीच घेऊन ठेवा, तोंडी वाद घालत बसण्यापेक्षा पाहुण्याला तिथे पोहोचवा आणि फरकाचं काय करायचं ते मालकाला विचारा.

एक गमतीची पण उपयोगाची गोष्ट. अल्बेनियात मान डावी-उजवीकडे हलवणं म्हणजे ‘हो’ आणि वर झटकणं म्हणजे ‘नाही’, असं जुन्या पिढीत अजून चालतं. तरुण मंडळी दोन्ही पद्धती मिसळतात, त्यामुळे मानेवर भरवसा ठेवू नका. ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही, तोंडानं ऐकून घ्या. ‘फालेमिंदेरित’ म्हणजे धन्यवाद. तेवढं आलं तरी मालकाची आई स्वयंपाकघरात तुम्हाला आधी वाढेल.

मालक राकी (फळांची कडक दारू) पुढे करतील, सकाळी अकरालासुद्धा. नको असेल तर छातीवर हात ठेवून नम्रपणे नाही म्हणा, कुणी रागावत नाही.

पैसे, खाणं, आजारपण

चलन लेक. एका युरोला ढोबळमानानं १०० लेक धरा. पर्यटकांच्या गावांत युरो घेतात, पण दर त्यांच्या सोयीचा लावतात. बहुतेक एटीएम परदेशी कार्डावर शुल्क लावतात, म्हणून थोडे-थोडे न काढता एकदाच काढा. फुरगोन आणि छोटी दुकानं रोखीवर चालतात.

लेकमध्ये एक खाच आहे. १९६५ मध्ये चलनातलं एक शून्य कमी केलं गेलं, पण लोकांच्या तोंडी ‘जुने लेक’ आजही आहेत. म्हणजे ५०० लेकच्या वस्तूला कुणी सहज ५००० म्हणतो. हा लबाडीचा प्रकार नव्हे, सवय आहे. आकडा दहापट वाटला तर ‘त रेया?’ म्हणजे नवे का, असं विचारा, किंवा मोबाइलवर आकडा लिहून दाखवा. काउंटरवर बसलात की पाहुण्यांचा हाच घोळ तुम्हाला रोज सोडवावा लागेल.

शाकाहारी माणसाचं बरं भागतं. ब्युरेक म्हणजे पापुद्र्यांची भरलेली पाव-पोळी, पालकाची किंवा चीजची मागा. पांढऱ्या घेवड्याचं कालवण, भरल्या ढोबळ्या मिरच्या (आत खिमा नाही ना, हे विचारून), टोमॅटो-काकडी-चीजचं सॅलड, घट्ट दही. ‘भाजीचं’ म्हटलेल्या सुपात मांसाचा रस्सा असू शकतो, तेवढं विचारा. नळाचं पाणी पिण्यापेक्षा बाटलीचं बरं. मोबाइलच्या सिम कार्डासाठी वोडाफोन किंवा वन या दोन कंपन्या. युरोपियन युनियनचं रोमिंग इथे लागू होत नाही.

तातडीसाठी ११२. रुग्णवाहिका १२७, अग्निशमन १२८, पोलिस १२९. किनारा बहुतेक ठिकाणी गोट्यांचा आणि खडकाळ आहे, त्यावर समुद्री साळू (काटेरी जलचर) असतात. पाण्यात घालायचे रबरी बूट न्या.

सुट्टीत काय बघायचं

हिमारातून अर्ध्या दिवसात: जिपे. रस्त्यापासून अर्धा-पाऊण तास पायवाटेनं उतरलं की एका खोल घळीच्या तोंडाशी समुद्रकिनारा लागतो. घळीत आत शिरून चालता येतं, दोन्ही बाजूंना उंच कडे. सावली नाही, पाणी बरोबर न्या आणि चढणीसाठी संध्याकाळ निवडा. याच पट्ट्यात पोर्टो पालेर्मो: छोट्या द्वीपकल्पावरचा त्रिकोणी किल्ला, तो ऑटोमन सुभेदार अली पाशाच्या नावाशी जोडला जातो. खाडीच्या बाजूला शीतयुद्धाच्या काळातला पाणबुड्यांचा बोगदा दिसतो. सरांदा-हिमारा बस या वळणावरून जाते, चालकाला आधी सांगितलं तर उतरवतो. परतीची बस केव्हा, हे मात्र उतरतानाच विचारा.

पुढे चेपारोचं वरचं जुनं दगडी गाव आणि बोर्शचा लांबलचक किनारा, मागे ऑलिव्हच्या बागा. बोर्शला गर्दी कमी असते. एकटं बसून वाचायचं असेल तर मी क्सामिलच्या सनबेडांपेक्षा बोर्शचे गोटे निवडेन.

सरांदातून बुत्रिंत. १९९२ पासून जागतिक वारसा यादीत. ग्रीक नाट्यगृह, रोमन स्नानगृहं, बाप्तिस्म्याच्या इमारतीतलं मोझेक, वर व्हेनिसकरांचा मनोरा, सगळं एका जंगलात सरोवराच्या काठी. उन्हाळ्यात सरांदाहून क्सामिलमार्गे साधारण तासाला एक बस असते. पहिली पकडा, अकरानंतर टूरच्या गाड्या येतात. येताना क्सामिलला उतरून पोहा.

ब्लू आय नावाचा झरा सरांदा-जिरोकास्तर रस्त्यापासून आत आहे. पाणी पन्नास मीटरहून खोलातून येतं, अतिशय गार. वाहनतळापासून सुमारे दोन किलोमीटर चालावं लागतं आणि झऱ्यात उतरायला मनाई आहे, पाहुण्यांनाही तसंच सांगा.

सलग दोन दिवस मिळाले की जिरोकास्तर. दगडी पाट्यांच्या छपरांची घरं, वर किल्ला, २००५ पासून वारसा यादीत. सकाळी ब्लू आय, मग जिरोकास्तरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी किल्ला आणि जुनी घरं करून संध्याकाळी परत. दुसरी अशीच जोडी व्लोराची: तिथून बोटीनं साझान बेट आणि काराबुरुन द्वीपकल्प. हे २०१० पासून देशाचं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, आणि बेट दीर्घकाळ लष्करी तळ होतं. वारा असेल तर बोटी निघत नाहीत, म्हणून हे पहिल्या दिवशी ठेवा, म्हणजे दुसरा दिवस राखीव राहतो.

बिनसलं तर आणि निघताना

तास वाढत गेले तर आठवडाभर सहन करत बसू नका. रोजचे तास फोनवर लिहून ठेवा, आठवड्याच्या शेवटी मालकाला शांतपणे दाखवा आणि जास्तीचे तास पुढच्या सुट्टीत जोडून मागा. बहुतेक छोटे मालक ऐकतात, कारण त्यांनी स्वतः मोजलेलंच नसतं. ऐकलं नाही तर ठरल्याप्रमाणे आगाऊ सूचना देऊन निघा. मात्र झोपायची जागा असुरक्षित वाटली किंवा कुणी अंगचटीला आलं तर सूचना वगैरे काही नाही, त्याच दिवशी दुसरीकडे बेड घ्या आणि संकेतस्थळाला कळवा.

निघताना अभिप्राय लिहाल तेव्हा पुढच्या माणसाला हवं ते लिहा: तास किती होते, शिफ्ट कोणती, सुट्टी सलग मिळाली का, खोली कुठे होती. काउंटरवरचा बसच्या वेळांचा कागद नवा करून ठेवा. उरलेले लेक देशात असतानाच बदलून घ्या, बाहेर ते घेणारं फारसं कुणी भेटत नाही. कॉर्फूमार्गे परतत असाल तर सरांदाच्या बंदरावर पासपोर्ट तपासणी बोटीत चढण्याआधी होते. उन्हाळ्यात तिथे रांग लागते, तेव्हा तासभर आधी पोहोचा आणि पुढचं विमान ग्रीक घड्याळानं मोजा.